लांब पल्ल्याचा खर्च कोणाच्या खाती?

डिसेंबर महिन्यात शिर्डीहून राहात्याकडे किंवा कोपरगावाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उजाडण्यापूर्वीच वर्दळ सुरू झालेली असते. काकड आरतीसाठी निघालेल्या भाविकांच्या गाड्या असतात, गळिताचा हंगाम ऐन भरात असल्यामुळे उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या असतात आणि या दोहोंच्या कडेकडेने, कानटोप्या घालून धावणारी काही तरुण मुले-मुलीही असतात. नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, पहाटे धावणारा तरुण दिसला की तो भरतीची तयारी करीत असावा असे धरून चालण्याची रीत आहे, आणि बहुधा ते खरेही असते. चिलखती दलाचे व यांत्रिक पायदळाचे प्रशिक्षण केंद्र ज्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी आहे, तेथे लष्कराची ओढ असणे स्वाभाविक आहे. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्या काही मिनिटांवर घरातील एका माणसाची कायमची मिळकत अवलंबून असते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर हे धावणे म्हणजे सरळसरळ गुंतवणूक होय.

गेल्या काही वर्षांत मात्र या रांगेत एक निराळा धावपटू दिसू लागला आहे. तो १,६०० मीटरांवर थांबत नाही. त्याचे लक्ष्य ४२.१९५ किलोमीटरांचे असते. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन ही त्याच्या आयुष्यातील पहिली मोठी शर्यत असते. ती जिंकण्याचा प्रश्नच त्याच्यापुढे नसतो. साडेचार-पाच तासांत ती पुरी करावी, एवढीच त्याची आकांक्षा. असा तरुण शिर्डीत बहुधा एखाद्या लॉजवर किंवा भोजनालयात नोकरीला असतो, हार-प्रसादाच्या दुकानात बसतो, नाहीतर रिक्षा चालवतो. भरतीचे वय उलटून गेल्यावरही ज्यांचे पाय थांबले नाहीत असे काही त्यांत असतात. या धावण्याच्या शेवटी नोकरी नाही, बढती नाही, रोख बक्षीसही नाही. बाजारात ज्याला भाव नाही अशा गोष्टीसाठी माणूस एवढे कष्ट का उपसतो, याचे समाधानकारक उत्तर अर्थशास्त्राने अद्याप दिलेले नाही, आणि कदाचित ते देण्याचे त्याचे कामही नव्हे. परंतु या कष्टांचा खर्च कोण उचलतो, हे विचारणे मात्र निश्चितच त्याच्या कक्षेत येते.

हा खर्च वाटतो तेवढा किरकोळ नाही. नवशिक्याला मॅरेथॉनच्या तयारीस साधारणपणे १६ आठवडे लागतात. म्हणजे जानेवारीतील शर्यतीसाठी गणपती-नवरात्राच्या सुमारास आरंभ करावा लागतो आणि तयारीचा मुख्य भार दिवाळीनंतरच्या थंडीवर पडतो. आठवड्याला सरासरी ५० किलोमीटर धरले तरी एकूण ८०० किलोमीटर होतात. धावण्याचे चांगले बूट सामान्यतः ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. याचा अर्थ असा की, काही हजार रुपयांचा एक जोड या एका हिवाळ्यात संपूर्ण झिजून जातो आणि शर्यतीच्या दिवशी पायांत नवा जोड हवा असतो. धावण्याचे तास आठवड्याला सहाच्या आसपास येतात. त्याखेरीज वाढीव झोप लागते, आणि रात्रपाळी करणाऱ्याला तीच सर्वांत महाग पडते. दूध, अंडी, डाळ, गूळ-शेंगदाणे यांचा घरातील खप वाढतो. या वाढीव खपाची तजवीज करणारी आई किंवा पत्नी कोणत्याही हिशेबात दाखविली जात नाही.

एवढे का लागते, हे समजून घेण्यासाठी शरीराचा स्वतःचा जमाखर्च पाहणे उद्बोधक ठरेल. माणसाच्या स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेली शर्करा सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम असते. तिच्यातून १,६०० ते २,००० उष्मांक मिळतात. उलट ६० किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉन पुरी करण्यासाठी जवळजवळ २,५०० उष्मांक खर्चावे लागतात. हा तुटीचा अर्थसंकल्प आहे. तूट चरबीतून भरून निघते, पण चरबीचे ज्वलन सावकाश होते. म्हणून ज्याची तयारी कच्ची आहे त्याची रोख शिल्लक तीस किलोमीटरांच्या आसपास संपते आणि पाय एकाएकी शिशाचे होतात. आठवड्यातून एकदा दीर्घ पल्ल्याची धाव घेण्याचे प्रयोजन हेच असते. १८, २२, २६ असे करीत ३०-३२ किलोमीटरांपर्यंत गेले की शरीर चरबीचा वापर अधिक तत्परतेने करण्यास शिकते आणि शर्करा जपून वापरते. ही सवय लागण्यास आठवडेच लागतात. ती उसनी आणता येत नाही.

शिर्डीच्या हिवाळ्याची या कामी मदत होते, हे मान्य केले पाहिजे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवरील या सपाट, कोरड्या प्रदेशात पहाटेचे तापमान दहा अंशांपर्यंत, क्वचित त्याखालीही उतरते. पलीकडच्या निफाडची थंडी तर दर वर्षी बातम्यांत झळकते. अशा हवेत घाम चटकन वाळतो, हृदयाची गती आटोक्यात राहते आणि अंतर सहज कापले जाते. परंतु या सुखातच एक फसवणूक दडलेली आहे. मुंबईची जानेवारीतील पहाट सतरा-अठरा अंशांची आणि दमट असते. तेथे घाम निथळतो, पण वाळत नाही. शरीर आतून तापत राहते आणि शिर्डीत सहज साधलेली गती मुंबईत विसाव्या किलोमीटरलाच जड होऊ लागते. उष्ण व दमट हवेशी जुळवून घेण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेव्हा शर्यतीपूर्वीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत काही धावा पहाटेऐवजी भर दुपारी घेणे शहाणपणाचे ठरते. हे सांगणारा जाणकार मोठ्या शहरांतील धावपटूंच्या गटांत असतो. तालुक्याच्या गावी ज्याचा तोच गुरू आणि ज्याचा तोच शिष्य!

यापुढील अडचण हवामानाची नव्हे, पंचांगाची आहे, आणि ती खास शिर्डीची आहे. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. हा रविवार १५ ते २१ तारखांच्या दरम्यानच येऊ शकतो. सर्वांत लांब धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी घ्यावी आणि तेथून पुढे अंतर उतरवीत आणावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यानुसार ती धाव २५ ते ३१ डिसेंबर या आठवड्यातील रविवारी येते. दुसरा रविवार संभवतच नाही. शिर्डीत हा आठवडा म्हणजे वर्षातील गर्दीचा कळस. नाताळच्या सुट्ट्या, वर्षअखेर, ३१ डिसेंबरला रात्रभर खुले राहणारे मंदिर, खोल्यांसाठी ताटकळणारी कुटुंबे असा तो काळ असतो. गावातील प्रत्येक लॉज, भोजनालय, दुकान व रिक्षा या सात दिवसांत वर्षाच्या मिळकतीचा मोठा वाटा गाठीला बांधते. अशा वेळी कामगाराला रजा मिळत नाही, हे सांगावयास नकोच. ३२ किलोमीटर धावावयास नवशिक्याला पावणेचार तास लागतात आणि त्यानंतर उरलेला दिवस तो पायऱ्या चढण्याच्या कामाचा राहत नाही. तीन महिने एकही रविवार न चुकविलेला तरुण नेमक्या याच रविवारी सामानाच्या बॅगा तिसऱ्या मजल्यावर वाहून नेत असतो.

मालकाला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. हंगामी धंद्यात जो आठवडा गेला तो गेला, आणि एकाला रजा दिली की दुसरा मागणारच. परंतु या देवघेवीत तोटा कोणाच्या वाट्याला जातो, हे स्पष्ट आहे. मुंबई-पुण्याच्या कचेरीतील नोकरदाराला शनिवार-रविवार मोकळा असतो. त्याच्या दीर्घ धावेची किंमत त्याला फक्त झोपेत मोजावी लागते. शिर्डीच्या कामगाराला तीच धाव मजुरीत आणि कधी कधी नोकरीत मोजावी लागते. आरंभाच्या रेषेवर दोघे शेजारी शेजारी उभे राहतात, म्हणून शर्यत सर्वांना समान आहे असे मानण्याची चूक करू नये.

रस्त्यांचा विचार तर याहूनही गंभीर आहे. शिर्डी ते कोपरगाव जाऊन-येऊन सुमारे ३० किलोमीटरांचे अंतर दीर्घ धावेस अगदी सोयीचे, पण तो नगर-मनमाड मार्ग आहे. त्याच्या दुरवस्थेची आणि त्यावरील अपघातांची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे. गणेशनगर, कोळपेवाडी, प्रवरानगर या कारखान्यांचा ऊस ज्या ट्रॉल्यांतून जातो त्यांतील कितींच्या मागे दिवा किंवा चमकती पट्टी असते, हे कोणत्याही पहाटे मोजून पाहावे. गोदावरीच्या कालव्याकडेचे रस्ते अधिक निर्धोक आणि पायांना मऊ, परंतु तेथे उजेड नाही. या पंचक्रोशीतील सर्वांत उत्तम रस्ता समृद्धी महामार्गाचा. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याच्या नागपूर-शिर्डी टप्प्याचे उद्घाटन झाले. तेथे पादचाऱ्यांना बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे. मात्र वेगवान वाहनांसाठी शेकडो किलोमीटर निर्माण करणाऱ्या राज्यात पायांसाठी पाच किलोमीटर उजळलेली, निर्धोक पट्टी मिळू नये, ही विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा प्रश्न धावण्याच्या मुळावरच येतो. भरतीची तयारी करणाऱ्या मुली घोळक्याने येतात आणि ८०० मीटरांचे त्यांचे काम मैदानातच आटोपते. दीर्घ धावेत घोळका टिकत नाही, कारण प्रत्येकीची गती निराळी. पहाटे चार वाजता कालव्याच्या अंधारात एकटीने २५ किलोमीटर जाण्यास घरचे परवानगी देत नाहीत, आणि त्यांना प्रतिगामी म्हणून मोकळे होण्यात अर्थ नाही. त्यांची भीती खरी आहे. माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावच्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत प्रथम क्रमांक मिळविला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि पुढे शासनाने त्यांना उपजिल्हाधिकारीपद दिले. ते योग्यच झाले. परंतु शासनाची थैली यशानंतर उघडते आणि दुधाची, बुटांची व उजेडाची गरज त्याआधीच्या हिवाळ्यांत असते, हा आपल्या क्रीडाव्यवस्थेतील जुनाच व्यंगविशेष आहे.

तो किती जुना, हे पाहावयाचे तर शंभर वर्षे मागे जावे लागेल. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत दोराबजी टाटांच्या नजरेस अनवाणी धावणारे शेतकरी तरुण आले. शेतात राबणाऱ्या आणि साध्या अन्नावर वाढलेल्या या मुलांची गती पाहून ते चकित झाले. त्यांच्याच पुढाकाराने व आर्थिक साहाय्याने १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला सहा जणांचे पथक गेले. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले तेथील मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. ती शर्यत ४२.७५ किलोमीटरांची, म्हणजे आजच्या प्रमाणित अंतराहून अर्ध्या किलोमीटरने मोठी होती. सदाशिव दातार हेही त्या शर्यतीत उतरले होते, पण ती पुरी करू शकले नाहीत. गुण होता, दम होता. तो पाहणारा एक धनिक भेटला म्हणून परदेशगमन घडले. धनिकाची नजर ही काही व्यवस्था नव्हे.

व्यवस्था कशी असते, याचे उदाहरण जपानने दाखविले आहे. तेथील उद्योगसंस्था लांब पल्ल्याच्या धावपटूंना पगारी नोकर म्हणून बाळगतात, कामाचे तास कमी करतात आणि संस्थेच्या नावाने त्यांना शर्यतींत उतरवितात. क्यूशू बेटावरील नोबेओका या आडबाजूच्या औद्योगिक गावी असाही कासेई कंपनीचा संघ आहे. त्या संघाचे हिरोमी तानिगुची १९९१ मध्ये मॅरेथॉनचे जागतिक विजेते झाले आणि कोइची मोरिशिता यांनी पुढच्याच वर्षी बार्सिलोनाला ऑलिंपिक रौप्यपदक मिळविले. शिर्डीच्या आसपास अशी संस्था उभारण्यास लागणारी सामग्री नाही असे नाही. आशियातील पहिल्या सहकारी साखर कारखान्यांत गणला जाणारा प्रवरेचा कारखाना हाकेच्या अंतरावर आहे. पश्चिम महाराष्ट्रातील काही कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन कुस्ती जगविली, ही गोष्टही सर्वज्ञात आहे. मल्लाला तूप-बदाम पुरविणाऱ्या सहकाराला धावणाऱ्याचे दूध जड व्हावे, असे मुळीच नाही. मल्लाची कुस्ती मैदानात हजारो लोक पाहतात आणि धावणारा अंधारात एकटा असतो, एवढाच काय तो फरक. शेजारच्या नाशकात एका प्रशिक्षकाच्या हाताखाली कविता राऊत, मोनिका आथरे, संजीवनी जाधव अशी धावपटूंची मालिका तयार झाली. एका ठिकाणी मार्गदर्शक, मैदान आणि सोबती एकत्र आले की काय होते, हे पाहण्यासाठी जपानला जाण्याचीही गरज उरत नाही.

अर्थात पहिली मॅरेथॉन पाच तासांत संपविणाऱ्या लॉजवरील नोकराला कारखान्याने मानधन द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. त्याची मागणी त्याहून फार लहान आहे. दीर्घ धावांचे चार रविवार पगारी रजेचे मिळावेत, आणि डिसेंबरअखेरच्या रविवारी शक्य नसल्यास निदान दुपारची पाळी द्यावी, एवढ्याने त्याचे काम भागते. चार दिवसांची ही मजुरी शिर्डीतील बऱ्याशा लॉजमधील एका खोलीच्या ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या भाड्याहून फारशी अधिक भरणार नाही. नगरपरिषदेने थंडीच्या दिवसांत रविवारी पहाटे चार ते सात गावाबाहेरचा एखादा रस्ता वाहनांना बंद करून तेथे दिवे चालू ठेवले, तर मुलींचा प्रश्नही पुष्कळसा हलका होईल. त्यासाठी नवे क्रीडासंकुल नको, की कोनशिला नको.

तूर्त मात्र यावरचा तोडगा धावणाऱ्यांनी स्वतःच काढलेला दिसतो. डिसेंबरच्या त्या शेवटच्या रविवारी ३२ किलोमीटरांचे दोन तुकडे पाडावयाचे. सोळा पाळी सुरू होण्यापूर्वी, सोळा ती संपल्यावर रात्री. मधले दहा-बारा तास बॅगा वाहण्यात किंवा गल्ल्यावर बसण्यात जातात. सलग धावेचा पुरा लाभ यातून मिळत नाही, शर्करेचा साठा मधल्या जेवणाने पुन्हा भरतो आणि चरबी वापरण्याची सवय अर्धीच लागते. उरलेली अर्धी मुंबईत, तीस किलोमीटरांच्या पुढे, लावून घ्यावी लागते.