भंगारातला महासंगणक

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ओक रिज नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या कामासाठी ते गुपचूप वसवलं गेलं. आज तिथे अमेरिकेच्या मोठ्या राष्ट्रीय प्रयोगशाळांपैकी एक आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिथल्या विल्यम हारग्रोव्ह आणि फॉरेस्ट हॉफमन या दोघांनी ६४ नवे पीसी घेण्यासाठी निधी मागितला. अर्ज नामंजूर झाला. त्याच सुमारास प्रयोगशाळेत जुने संगणक जाऊन नवे येत होते आणि जुन्यांचे ढीग लिलावाची वाट बघत पडले होते. या दोघांनी ते मागून आणले आणि एका खोलीत चिरफाड सुरू केली. याची मेमरी त्याला, त्याची डिस्क याला, आणि उरलेला सांगाडा पुन्हा भंगारात. १९९७च्या सुरुवातीला पहिला संगणक लागला. २००१ साली त्यांच्या गोतावळ्यात १३३ यंत्रं होती: ७५ इंटेल ४८६वाली, ५३ पेंटियमवाली आणि ५ जरा तगडी अल्फा.

एक भटका गावात येतो, रिकाम्या पातेल्यात पाणी आणि दगड उकळत ठेवतो, आणि बघायला आलेले गावकरी कुतूहलापोटी एकेक भाजी टाकत जातात, अशी युरोपात एक लोककथा आहे. शेवटी खरंच सूप होतं. त्या दगडी सुपावरून या यंत्राचं नाव पडलं ‘स्टोन सूपरकॉम्प्युटर’.

संपादकांनी मला खरं तर पुण्याच्या ‘परम’वर लिहायला सांगितलं होतं. ती गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. अमेरिकेने हवा तसा क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली, १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण कागदपत्रं चाळताना मला वारंवार दुसरंच काहीतरी दिसत राहिलं: एकमेकांशी बोलणारी यंत्रं, आणि त्या बोलण्याचा खर्च. तो खर्च उघड्यावर बघायचा तर ओक रिजचं भंगार उत्तम. तिथे झाकायला काही नव्हतं.

साधे संगणक जोडून महासंगणक करण्याच्या कल्पनेचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा. नासाच्या मेरीलँडमधल्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १९९४ साली १६ संगणक जोडले. प्रत्येकात १०० मेगाहर्ट्झचा ४८६ डीएक्स४ प्रोसेसर, म्हणजे तेव्हा कुठल्याही दुकानात मिळणारा माल. वर लिनक्स, फुकट. जुन्या इंग्रजी महाकाव्यातल्या वीराचं ‘बेवुल्फ’ हे नाव त्याला दिलं. दोन वर्षांत लॉस अ‍ॅलामॉस आणि कॅलटेक इथे ‘लोकी’ आणि ‘हिग्लॅक’ ही त्याची भावंडं उभी राहिली. प्रत्येकी १६ पेंटियम प्रो, प्रत्येकी खर्च सुमारे ५० हजार डॉलर, आणि वेग सेकंदाला १०० कोटी आकडेमोडींच्या पुढे. महासंगणक विकणाऱ्या कंपन्यांना घाम फुटावा असाच हा हिशेब होता.

मला यात बेकर जास्त आवडतो. स्वस्तातली नेटवर्क कार्डं लिनक्सवर चालावीत म्हणून लागणारे ड्रायव्हर तो लिहायचा. हे किचकट काम. कार्ड बनवणाऱ्या कंपनीची माहिती अर्धवट, एका कार्डाची खोड दुसऱ्याला नाही, आणि चाललं तर कुणी नाव घेत नाही. पण बेवुल्फचं मर्म नेमकं त्या कार्डात होतं. आकडे बघा. प्रोसेसर सेकंदाला १० कोटी ठोके टाकतो. इथरनेटची तार १० मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा लाख बाइट. शेजारच्या संगणकाकडून उत्तर यायला एक मिलिसेकंद लागला, तर तेवढ्यात प्रोसेसरचे एक लाख ठोके वाया जातात. नुसतं ताटकळण्यात.

बेकरने त्यावर काढलेला उपाय साधा होता. प्रत्येक संगणकात दोन कार्डं बसवायची, दोन वेगळ्या तारा ओढायच्या, आणि माहितीची पाकिटं आळीपाळीने एकदा हिच्यावरून, एकदा तिच्यावरून पाठवायची. वरच्या प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याला एकच रुंद तार दिसते. पुढे १०० मेगाबिटची कार्डं आणि स्विच स्वस्त झाले आणि या युक्तीची तेवढी निकड उरली नाही. पण प्रोसेसर पुढे आणि तार मागे, हा क्रम काही बदलला नाही.

आता पुन्हा ओक रिज. त्यांना हवा होता एक नकाशा. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेचे प्रत्येकी एक चौरस किलोमीटरचे ७८ लाख चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाच्या २५पर्यंत नोंदी: महिन्याचा पाऊस, तापमान, उंची, मातीतला नायट्रोजन वगैरे. मग ज्या चौकोनांचा स्वभाव सारखा, ते एका गटात. असे गट पाडले की निसर्गाने आखलेले प्रदेश दिसतात, राज्यांच्या सीमांशी त्यांचं काही देणंघेणं नसतं.

गट पाडण्याची रीत सांगायला सोपी आहे. समजा हजार गट हवेत. आधी अंदाजाने हजार ‘सरासरी’ ठरवायच्या. मग प्रत्येक चौकोन कुठल्या सरासरीच्या सगळ्यांत जवळ आहे ते बघायचं आणि त्याला त्या गटात टाकायचं. सगळे चौकोन वाटून झाले की प्रत्येक गटाची सरासरी नव्याने काढायची. काही चौकोन गट बदलतात, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. बदलणारे जवळजवळ संपेपर्यंत हे चालू ठेवायचं.

मी कागदावर हिशेब मांडला. एका फेरीत ७८ लाख गुणिले हजार गुणिले २५, म्हणजे १९,५०० कोटी वेळा वजाबाकी, वर्ग आणि बेरीज. शिवाय प्रत्येक नोंदीला ४ बाइट धरले तरी सगळी माहिती ७८ कोटी बाइट होते. तेव्हाच्या पीसीच्या मेमरीत ती मावण्याचा प्रश्नच नव्हता. १३३ यंत्रांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला ६० लाखांच्या आसपास बाइट येतात आणि ४८६सुद्धा ते पोटात घेतो. पूर्ण गोतावळ्याचा कागदावरचा वेग सेकंदाला १२० कोटी आकडेमोडी, म्हणजे एका फेरीला उत्तमात उत्तम आठ-एक मिनिटं. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त.

आणि बोलणं? फेरी संपली की प्रत्येक यंत्राने आपल्या हजार गटांच्या बेरजा मुख्य यंत्राला कळवायच्या. २६ हजार आकडे, लाखभर बाइट. १३३ यंत्रांचे मिळून १ कोटी ३८ लाख बाइट. १० मेगाबिटच्या एकाच तारेवरून ते सगळे यायला ११ सेकंद. आठ मिनिटांचं काम आणि ११ सेकंदांचं बोलणं! भंगारातून महासंगणक झाला त्याचं रहस्य या गुणोत्तरात आहे. यंत्रं गबाळी होती, पण काम असं निवडलेलं की प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात बराच वेळ मुकाट राबावं आणि मग थोडक्यात हिशेब द्यावा.

याच दिशेला टोकापर्यंत गेलं की बर्कलीचं ‘सेटी अ‍ॅट होम’ येतं. मे १९९९मध्ये ते सुरू झालं. अरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींचा १०७ सेकंदांचा तुकडा घरच्या संगणकाने उतरवून घ्यायचा, तासन्‌तास तपासायचा आणि निकाल परत धाडायचा. तुकड्यांना एकमेकांशी बोलायची गरजच नाही, त्यामुळे तार किती का रखडेना. परग्रहावरची हाक काही सापडली नाही. मार्च २०२०मध्ये घरोघरी काम पाठवणं थांबलं.

पण हवामानाचा अंदाज असा वाटता येत नाही, आणि आपल्याला क्रे हवा होता तो मोसमी पावसासाठी. वातावरणाचे चौकोन पाडले तरी कोकणावरच्या चौकोनातला वारा पुढच्या क्षणी घाटावरच्या चौकोनात शिरतो. प्रत्येक पावलाला शेजाऱ्याकडून सीमेवरचे आकडे घ्यावेच लागतात. इथे बोलणं मिनिटामिनिटाला एकदा नसून सेकंदाला अनेकदा आहे. हे ध्यानात घेतलं की ‘परम’ची गोष्ट वेगळी वाचता येते. ‘परम ८०००’मध्ये इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या त्या चिपमध्येच घडवलेल्या. पुढे १९९८च्या ‘परम १००००’मध्ये सी-डॅकने सनचे बाजारात मिळणारे प्रोसेसर घेतले, ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे. पण त्यांना जोडणारं ‘परमनेट’ मात्र स्वतः घडवलं. पुण्यातच टाटांच्या ‘एका’ने नोव्हेंबर २००७मध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथा क्रमांक मिळवला, तेव्हा आत इंटेलचे प्रोसेसर होते आणि त्यांच्यामध्ये इन्फिनिबँडचं वेगवान जाळं. डोकी बाजारातली, तार खास. आजही साधारण हाच नेम आहे.

इथवर कौतुक झालं. आता कटकटी, आणि त्या पुष्कळ आहेत.

पहिली कटकट सगळ्यांत हळू यंत्राची. गट पाडण्याच्या फेरीत सर्वांचा हिशेब आल्याशिवाय पुढची फेरी सुरू होत नाही. पंगतीत शेवटच्याचा ताक-भात उरकेपर्यंत कुणी उठत नाही, तसंच. ४८६ आणि अल्फा यांना सारखंच काम दिलं तर अल्फा बहुतेक वेळ हात धुऊन बसलेला. ओक रिजच्या जोडीने म्हणून काम सरसकट न वाटता त्याचे लहान तुकडे केले, आणि ज्याचं संपेल त्याने पुढचा मागावा, असं ठेवलं. पण तुकडे फार लहान केले तर मागण्या-देण्याचंच बोलणं वाढतं. हा तोल एकदा साधून भागत नाही. नवं यंत्र आलं, जुनं गेलं की पुन्हा.

दुसरी कटकट जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ सालीच दाखवून ठेवली आहे. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो शेवटी गळ्याशी येतो. कामाचा फक्त ५ टक्के भाग एकट्याने करायचा असेल, तर १३३ यंत्रं लावूनही काम साडेसतरा पटीच्या पुढे वेगात जात नाही. हजार लावा, लाख लावा, वीस पटीला कुंपण. यंत्रं फुकट मिळाली म्हणून वाढवत नेणाऱ्याला हे कुंपण आदळल्यावरच दिसतं.

तिसरी, मोडतोड. समजा एक जुना पीसी सरासरी हजार दिवसांतून एकदा बिघडतो. घरात एकच असेल तर ठीक. १३३ असतील तर आठवड्याला एक आजारी पडणार. यंत्रांत निरोप पोचवणारी ‘पीव्हीएम’ ही प्रणाली ओक रिजमध्येच १९८९ साली जन्मली, आणि वेगवेगळ्या जातीची यंत्रं मध्येच यावीत-जावीत हे तिने गृहीत धरलं होतं. पुढे ‘एमपीआय’ हे प्रमाण रूढ झालं. तिथे नेहमीच्या मांडणीत एक मेला की सगळं काम बंद. म्हणून अधूनमधून सगळी स्थिती डिस्कवर लिहून ठेवायची, म्हणजे पडलो तर तिथून उठता येईल. लिहिण्यात वेळ जातो. तो वेळही पुन्हा तारेवरचाच.

चौथी विजेची. प्रत्येकी १०० वॅट धरले तरी १३३ पीसी दिवसाला ३१९ युनिट खातात, आणि ती सगळी वीज उष्णता होऊन खोलीत साचते, ती बाहेर काढायला आणखी वीज. यंत्रांचे पैसे लागले नाहीत तरी बिल दर महिन्याला येतंच.

पाचवी कटकट आपल्याकडची. एका अभियांत्रिकी कॉलेजात लॅब असिस्टंटने मला कुलूपबंद खोली उघडून दाखवली. आत भिंतीला टेकून रचलेले सीपीयू, मॉनिटरवर मॉनिटर, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर. ‘‘यातले निम्मे चालू होतील, सर. पण स्क्रू काढायचा नाही. डेड स्टॉक रजिस्टरला नावावर आहेत,’’ ते म्हणाले. राइट-ऑफचा प्रस्ताव गेलेला होता. तो मंजूर होऊन येईल तेव्हा मेमरी काढून दुसऱ्याला लावायची परवानगी मिळणार नाही. सगळा लॉट भंगारवाल्याला वजनावर जाईल. मुलं एमपीआय शिकतात ती एकाच लॅपटॉपवर चार प्रोसेस चालवून. त्यात तार नाही, हळू यंत्र नाही, मध्येच मरणारं यंत्र नाही. म्हणजे शिकण्यासारखं जे काही आहे ते सगळं वगळून विषय शिकवला जातो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

वेगासाठी आता हे कुणी करणार नाही, हे उघड आहे. तुमच्या खिशातला फोन त्या १३३ यंत्रांना सहज मागे टाकेल. पण आज भाड्याने हजार सर्व्हर घेणाऱ्यालाही हेच हिशेब पडतात. फक्त ताटकळण्याचं बिल तासावर लागतं आणि तार डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ‘जुने पीसी जोडून काही होईल का’ असं कुणी विचारलं, तर मी आधी विचारतो की तुमच्या कामाचा एक तुकडा दुसऱ्याशी न बोलता किती वेळ चालतो. तासभर चालत असेल तर भंगार पुरेल. सेकंदभर चालत असेल तर चांगला स्विच घ्या. मिलिसेकंदाच्या आत बोलावं लागत असेल तर यंत्रं जुनी चालतील, पण तिजोरी तारेसाठी उघडा. आणि याचं उत्तरच ठाऊक नसेल, तर प्रोग्राम आधी एकाच संगणकावर नीट लिहून बघा. निम्म्या लोकांचं काम तेवढ्यावरच भागेल.