मीटर बदलले, आता हिशेब आपण ठेवू

 

गेल्या काही महिन्यांत गटाच्या जवळजवळ प्रत्येक बैठकीत एकच विषय निघतो. "बाई, ते नवं मीटर बसवून राह्यले, आता बिल वाढते का?" कोणी म्हणते, मोबाइलसारखा रिचार्ज मारावा लागेल. कोणी म्हणते, पैसे संपले की रात्रीच अंधार होईल. कोणी तर दाराला कुलूप लावून शेतात निघून गेली, म्हणजे मीटरवाला परत जाईल. म्हणून आज आम्ही मीटरबद्दलच बोलणार आहोत. भिऊन बसण्यापेक्षा समजून घेतलेले बरे.

हे मीटर आले कुठून?

जुन्या काळच्या काळ्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची. मग आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक मीटर आले. आता येते ते स्मार्ट मीटर. मोजायचे काम तिघांचेही एकच, किती वीज वापरली ते. फरक एवढाच की नव्या मीटरमध्ये निरोप पाठवणारे यंत्र बसवलेले असते. रीडिंग घ्यायला माणूस येत नाही, मीटर स्वतःच आकडा कंपनीच्या संगणकाला कळवते.

केंद्र सरकारने २०२१ साली वीज वितरण सुधारण्याची एक मोठी योजना आणली. त्यात देशभर असे मीटर बसवायचे ठरले. आपल्या राज्यात महावितरणने २०२३ साली कंत्राटे दिली. अकोला आणि अमरावती परिमंडळाचे काम जीनस नावाच्या कंपनीकडे आले. सुरुवातीला हे मीटर प्रीपेड, म्हणजे आधी पैसे भरा मग वीज घ्या, असे असणार होते. राज्यभर ग्राहक संघटनांनी विरोध केला. जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे जाहीर केले. त्यानंतर घरोघरी जे बसू लागले त्याला टीओडी मीटर म्हणतात. ते पोस्टपेड आहे. म्हणजे पहिल्यासारखेच आधी वापरायचे आणि महिन्याने बिल भरायचे. रिचार्जच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

मीटर बसवताना आपल्याकडून पैसे घेत नाहीत. पण मीटर फुकट तयार होत नाही, हेही लक्षात ठेवा. केंद्राचे अनुदान एका मीटरमागे ९०० रुपयांपर्यंत आहे आणि मीटरची किंमत त्याहून कितीतरी जास्त आहे. उरलेला खर्च शेवटी वीजदरातून ग्राहकाच्याच माथी येईल, हा ग्राहक संघटनांचा मुद्दा आहे. गावोगाव रीडिंग घेणाऱ्या पोरांच्या रोजीचा प्रश्नही आहेच. हे दोन्ही प्रश्न खरे आहेत, ते विचारलेच पाहिजेत. पण दारावर आलेल्या तंत्रज्ञाशी भांडून ते सुटत नाहीत.

मीटर पळते की आपण पळवतो?

आता बिलाचे बघू. एक युनिट म्हणजे १००० वॅटचे उपकरण एक तास चालवणे. हे एकदा पाठ केले की घरबसल्या हिशेब करता येतो.

९ वॅटचे तीन एलईडी बल्ब रोज पाच तास लावले तर महिन्याला साधारण चार युनिट. ७५ वॅटचा पंखा रोज दहा तास, तर साडेबावीस युनिट. ६० वॅटचा टीव्ही रोज चार तास, तर सात युनिट. झाले साडेतेहतीस. आता घरात जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब असेल, तर तो एकटाच पाच तासांप्रमाणे महिन्याला नऊ युनिट खातो. तेवढ्यात एलईडीचे सहा बल्ब चालतात. आणि पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड रोज अर्धा तास लावला की महिन्याला साडेबावीस युनिट. म्हणजे एका पंख्याइतके.

दारिद्र्यरेषेखालील घरांसाठी वेगळा, कमी दर आहे. त्याला वर्षाला ३६० युनिटांची मर्यादा आहे, म्हणजे सरासरी महिन्याला ३०. मेळघाटातल्या कितीतरी घरांना या दराने वीज मिळते. जुने मीटर मंद चालत असेल आणि नवे बरोबर मोजू लागले, तर ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते आणि पुढे दर बदलू शकतो. म्हणून या घरांनी तर पिवळे बल्ब आधी काढावेत.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो, १०१ ते ३०० चा त्याहून बराच जास्त, पुढे आणखी जास्त. आपल्या डोंगरातल्या गावांत पूर्वी रीडिंगला माणूस वेळेवर यायचा नाही. सरासरीचे बिल यायचे आणि मग एकदम मोठा आकडा. समजा तुमचा वापर महिन्याला ८० युनिट आहे आणि तीन महिन्यांचे रीडिंग एकदम घेतले, तर २४० युनिट होतात. ते एकाच महिन्याचे धरले तर १४० युनिट महाग टप्प्यात जातात. हे चूक आहे. ते तीन महिन्यांत विभागूनच बिल लावायला पाहिजे. असे बिल आले तर "महिन्यांप्रमाणे विभागून द्या" असे लेखी मागा. नवे मीटर रोजचे रीडिंग कळवत असेल, तर हा त्रास कमी व्हावा. आपल्याकडे नेटवर्क नसते, मग काय? मीटर आकडे स्वतःच्या पोटात साठवून ठेवते आणि नेटवर्क आले की पाठवते. तरी सरासरीचे बिल आलेच, तर मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा ताडून बघा.

दिवसाची सवलत कोणाला?

१ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या दरांत, हे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून पुढे १ रुपयापर्यंत सवलत ठरली. दिवसा सूर्याची वीज जास्त मिळते, म्हणून ही सवलत.

आता खरे बोलू. आपण बाया सकाळी मजुरीला जातो आणि दिवे लागताना घरी येतो. आपला पंखा आणि बल्ब रात्रीचाच. दिवसा २० युनिट वापरले तरी सवलत १६ रुपयांची. ज्यांच्या घरी पिठाची चक्की, शिलाई मशीन, मिक्सरवरचे मसाल्याचे काम आहे, त्यांना मात्र फायदा आहे. एक अश्वशक्तीची चक्की तासाला पाऊण युनिट घेते. रोज तीन तास, महिन्याचे पंचवीस दिवस चालवली तर ५६ युनिट. ती दिवसा चालवली तर सुमारे ४५ रुपये वाचतात.

गटांसाठी आणखी एक. घराच्याच एका भागात छोटा धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० व वर्षाला ३६०० युनिटांपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागावा अशी तरतूद दरपत्रकात आहे. धंदा दिसला म्हणून कोणी व्यापारी दर लावतो म्हटले, तर ही तरतूद दाखवा.

मीटर बदलताना काय करायचे?

पहिले, आलेल्या माणसाचे ओळखपत्र बघा. दुसरे, जुने मीटर काढण्याआधी त्यावरचा शेवटचा आकडा आणि मीटर क्रमांक वहीत लिहा, फोटो काढा. तिसरे, नव्या मीटरचा क्रमांक आणि सुरुवातीचा आकडा लिहा. चौथे, मीटर बदलल्याचा कागद मागा आणि त्यावर दोन्ही आकडे आहेत का ते बघूनच सही किंवा अंगठा करा. वाचता येत नसेल तर गटाच्या सचिवाला बोलवा. पहिले बिल आले की हेच आकडे ताडायचे.

मग एक परीक्षा घ्या. घरातली सगळी बटणे बंद करा. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला पाहिजे. थांबला नाही, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा आपल्या मीटरवरून दुसरीकडे वीज जाते आहे. वायरमनला दाखवा.

बिल वापराला धरून नाही असे वाटले, तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली. अशी तक्रार आल्यावर कंपनीने पाच दिवसांत शेजारी दुसरे तपासणी मीटर लावून निदान तीन महिने पडताळणी करावी, असे त्यात आहे. तरी दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यापुढे विद्युत लोकपाल आहे. त्यासाठी वकील लागत नाही. साध्या माहितीसाठी १९१२ हा फुकटचा नंबर आहे.

नंबर कोणाचा?

सर्वांत महत्त्वाचे शेवटी सांगतो. नव्या मीटरची वीज दुरूनही बंद करता येते, खांबावर चढावे लागत नाही. पण वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आता निरोप मोबाइलवर येतात. तुमच्या बिलावर नंबर कोणाचा आहे? नवऱ्याचा, जो दिवाळीनंतर कामासाठी बाहेरगावी जातो? मुलाचा, ज्याने सिम बदलले? मग निरोप येईल तिकडे आणि अंधार होईल इथे. स्वतःचा नंबर नोंदवून घ्या. घर बंद ठेवून महिनोन्महिने बाहेर जात असाल, तरी स्थिर आकार चालूच राहतो, त्याची सोय करून जा.

त्याच मोबाइलवर चोरही येतात. "आज रात्री वीज कापणार, या नंबरवर फोन करा" असा निरोप अनोळखी नंबरवरून आला तर फोन करू नका, लिंक उघडू नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने मागची तीन बिले आणि मीटरचा आजचा आकडा घेऊन यावे. कर्जाच्या हप्त्याची नोंद आपण करतोच, त्याच वहीत विजेचे एक पान उघडू. दर महिन्याच्या एक तारखेला आकडा लिहायचा. दहा घरांची दहा पाने झाली, की कोणाचे मीटर खरेच पळते आणि कोणाचे नाही, हे आपल्यालाच दिसेल. आणि कार्यालयात जाताना हातात नुसते गाऱ्हाणे नसेल, हिशेब असेल.