एडिंबराचं फ्रिंज : कुणीही या, खर्च मात्र तुमचा

आजच्या एपिसोडचा हा लिखित अवतार. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलमध्ये रेंज जाते, त्यांच्यासाठी.

'फ्लीबॅग' आणि 'बेबी रेनडिअर' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाईलवर एका वीकेंडला संपवल्या असतील. या दोन्ही सिरीज आधी नाटकं होती. एकट्या माणसाने करायची, छोटी, तासाभराची नाटकं. 'फ्लीबॅग' २०१३ साली आणि 'बेबी रेनडिअर' २०१९ साली एडिंबरा फ्रिंजमध्ये लागलं. स्कॉटलंडच्या राजधानीत दर उन्हाळ्यात, म्हणजे ऑगस्टमध्ये, साधारण साडेतीन आठवडे हा महोत्सव चालतो. २०१९ मध्ये तिथे ३,८४१ शो झाले, ३२३ जागांमध्ये, २५ दिवसांत. यात कॉमेडी खूप असते, पण आज आपण स्वतंत्र नाटकवाल्यांबद्दल बोलू. ज्यांच्यामागे मोठी संस्था नाही, स्वतःच निर्माते, स्वतःच नट आणि स्वतःच हमाल, असे लोक.

सुरुवात १९४७ ची. दुसरं महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. रुडॉल्फ बिंग यांच्या पुढाकाराने एडिंबरात आंतरराष्ट्रीय कला महोत्सव भरला. मोठे ऑर्केस्ट्रा, ऑपेरा, नामवंत नाटक कंपन्या, सगळे रीतसर आमंत्रित. आणि आमंत्रण नसताना आठ नाट्यसंस्था येऊन धडकल्या. सहा स्कॉटलंडच्या, दोन इंग्लंडच्या. मिळेल तिथे त्यांनी प्रयोग लावले. एक नाटक तर एडिंबरात नाहीच, खाडीपलीकडे डनफर्मलिनच्या जुन्या मठात झालं. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने लिहिताना या मंडळींसाठी 'फ्रिंज' हा शब्द वापरला, म्हणजे झालर, कडेची किनार. तेच नाव चिकटलं.

१९५८ मध्ये फ्रिंज सोसायटी स्थापन झाली. तिने एक गोष्ट पक्की ठेवली, ती म्हणजे कुणाचं नाटक घ्यायचं आणि कुणाचं नाही हे सोसायटी ठरवणार नाही. ती कार्यक्रमपत्रिका छापते, तिकीटविक्रीची यंत्रणा चालवते, कलाकारांना सल्ला देते. निवड समिती नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, ओपन सोर्समध्ये कुणीही पुल रिक्वेस्ट पाठवू शकतो, पण मर्ज करणारा कुणीतरी बसलेला असतो. इथे तो माणूसच नाही. नोंदणी फी भरा, जागा शोधा, या.

ऐकायला भारी वाटतं ना? पण चाळणी गेलेली नाही, ती फक्त दुसरीकडे लागते. आधी जागेपाशी लागते. सोसायटी निवड करत नसली तरी जागा चालवणारे करतात. ट्रॅव्हर्स थिएटर, १९६३ पासून नव्या लेखनासाठी ओळखलं जाणारं, आपला कार्यक्रम स्वतः निवडतं. अंडरबेली, असेंब्ली, प्लेझन्स अशा मोठ्या जागांकडेही अर्ज करावा लागतो. जागा म्हणजे मात्र आपल्या डोक्यात येतं तसं नाट्यगृह असेलच असं नाही. चर्चचे हॉल, कॉलेजचे वर्ग, पबचं तळघर, काहीही. समरहॉल ही जागा पूर्वी जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज होती आणि तिथल्या एका खोलीचं नाव अजूनही 'डिसेक्शन रूम' आहे. तिथे आता प्रयोग होतात.

एका खोलीत दिवसभरात सात-आठ नाटकं लागू शकतात. त्यामुळे तुमचा वेळ तासाभराचा, आणि आधीच्या नाटकाचा पसारा निघून तुमचा लागायला अनेक ठिकाणी जेमतेम १५ मिनिटं. मध्यंतर नाही. नेपथ्य म्हणजे दोन खुर्च्या आणि सुटकेसमध्ये मावेल तेवढं. प्रकाशयोजना सगळ्यांना मिळून एकच, तिच्यातूनच आपलं काम भागवायचं. पुरुषोत्तम करंडक केलेल्यांना घड्याळाची ही भीती लगेच कळेल. फरक इतकाच की तिथे हे रोज, जवळजवळ महिनाभर. फ्रिंजमध्ये एकपात्री नाटकं इतकी का, याचं उत्तरही बरंचसं इथेच आहे. एका माणसाला एकच पलंग लागतो.

पलंगावरून पैशांकडे येऊ. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण गणिताची पद्धत खरी आहे. समजा ५० खुर्च्यांची खोली, २४ प्रयोग, म्हणजे एकूण १,२०० तिकिटं. तिकीट १२ पौंड. त्यातली ३० टक्के विकली, म्हणजे ३६०. गल्ला ४,३२० पौंड. कर वगैरे बाजूला ठेवू. नेहमी दिसणारा करार असा, की ६० टक्के नाटकवाल्यांचे, ४० टक्के जागेचे, पण जागेला किमान एक ठरलेली रक्कम मिळालीच पाहिजे. ती २,००० पौंड धरा. इथे ४० टक्के होतात १,७२८, म्हणजे जागावाला २,००० घेणार. तुमच्या हातात राहिले २,३२०. तुम्ही तिघं आहात आणि ऑगस्टमध्ये एडिंबरात राहण्याचे माणशी १,००० पौंड गेले, तर खर्च ३,०००. म्हणजे ६८० पौंड खिशातून. यात प्रवास नाही, पोस्टर नाही, नोंदणी फी नाही, विमा नाही. आणि नटाचं मानधन तर नाहीच नाही! फक्त राहण्याचा खर्च निघायलाच रोज १७-१८ माणसं यायला हवीत, न चुकता, पावसातसुद्धा. तिथे ऑगस्टमध्येही पाऊस पडतो.

म्हणूनच मला 'कुणीही या' हे वाक्य अर्धंच खरं वाटतं. निवड समितीने नाकारलं तर निदान घरी बसून पैसे तरी वाचतात. इथे नकार महिन्याच्या शेवटी कळतो, बिलासकट.

मग लोक जातात का? कारण कधीकधी लागतं. १९६६ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या संचाने टॉम स्टॉपर्ड नावाच्या २९ वर्षांच्या लेखकाचं नाटक केलं, 'रोझेनक्रान्ट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड'. 'ऑब्झर्व्हर'मध्ये रोनाल्ड ब्रायडनने कौतुक केलं, लंडनच्या नॅशनल थिएटरने संहिता मागवली आणि पुढच्याच वर्षी नाटक तिथे उभं राहिलं. 'सिक्स' हे म्युझिकल २०१७ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी इथेच पहिल्यांदा केलं, ते २०२१ मध्ये ब्रॉडवेवर उघडलं. 'फ्लीबॅग' अंडरबेलीच्या तळघरात, क्राउडफंडिंगच्या मदतीने झालं. त्याच २०१३ मध्ये याएल फार्बरचं 'निर्भया' फ्रिंजमध्ये झालं. दिल्लीच्या घटनेनंतर पूर्णा जगन्नाथनच्या पुढाकाराने उभं राहिलेलं हे नाटक. त्यातल्या अभिनेत्री रंगमंचावर स्वतःवरच्या अत्याचारांबद्दल बोलत होत्या. ते नंतर भारतातही आलं. ही नावं आपल्याला माहीत आहेत कारण ती पोहोचली. उरलेल्या हजारोंची यादी कुणी एपिसोडमध्ये वाचून दाखवत नाही, मीही नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. साडेतीन हजार शोंमधून तुमचा शो कुणाला सापडणार कसा? जुना उपाय म्हणजे रॉयल माईल या रस्त्यावर उभं राहून पत्रकं वाटणं. रात्री प्रयोग आणि दुपारभर पत्रकं, नट स्वतःच. चांगलं परीक्षण आलं की त्यातले तारे छापून चिठ्ठी पोस्टरवर स्टेपल करायची. 'द स्कॉट्समन' हे वर्तमानपत्र १९७३ पासून नव्या नाटकांना 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार देतं. तो मिळाला की खुर्च्या भरू लागतात.

आणि मग ॲप. त्यात 'आत्ता जवळपास काय आहे' दाखवणारी सोय होती. रस्त्यात उभे आहात, हातात रिकामा तास आहे, फोन काढा, २० मिनिटांत २०० मीटरवर काय सुरू होतंय ते दिसतं. नामवंतांना याची गरज नसते, त्यांची तिकिटं आधीच गेलेली असतात. गरज असते ती दुपारी एक वाजता तळघरात वाट बघणाऱ्या अनोळखी माणसाला. २०२२ मध्ये सोसायटीने पैशांच्या अडचणीमुळे ॲप काढलंच नाही. कलाकार भडकले, खुलं पत्र निघालं, की आमच्याकडून नोंदणी फी पूर्ण घेता आणि प्रेक्षक आणणारी गोष्ट नाही? २०२३ मध्ये ॲप परत आलं. एखादं फीचर काढताना आम्ही ऑफिसात सहज विचारतो, 'वापरतं कोण?' इथे उत्तर असं होतं, की ज्याचा आवाज सगळ्यात लहान, तोच त्याच्यावर सगळ्यात जास्त अवलंबून होता.

पैशांच्या बाजूने थोडं काही झालंय. सोसायटीची अध्यक्ष असलेल्या फीबी वॉलर-ब्रिजच्या, म्हणजे 'फ्लीबॅग'वालीच्या, पुढाकाराने २०२३ मध्ये ५० जणांना प्रत्येकी २,००० पौंडांची मदत मिळाली. २०२४ मध्ये सरकारी निधी मिळाला आणि १८० जणांना प्रत्येकी २,५०० पौंड. वरच्या गणितात ही रक्कम टाकून बघा, चित्र एकदम बदलतं. फक्त शो साडेतीन हजारांच्या आसपास असतात, आणि हात आले १८०.

तुमच्यापैकी जे ग्लासगो, एडिंबरा किंवा इंग्लंडात शिकायला आहेत, त्यांच्यासाठी एक काम. ऑगस्टमध्ये जाल तेव्हा एक शो नावाजलेला बघा, आणि एक दुपारचा, ५० खुर्च्यांच्या खोलीतला, ज्याचं नावही ऐकलेलं नाही असा. पहिल्या दिवसांत प्रिव्ह्यू स्वस्त असतात. आवडला तर त्याच दिवशी कुठेतरी लिहा, दुसऱ्या दिवशी नको, कारण त्यांच्याकडे दिवस मोजकेच असतात. काय बघितलंत ते आम्हालाही व्हॉइस नोट पाठवून सांगा, पुढच्या एपिसोडमध्ये वाजवू.