शोधजाहिरातींतील शब्दजुळणी

आंतरजालावरील शोधयंत्राला एखाद्या व्यक्तीने विचारलेली शोधपृच्छा आणि जाहिरातदाराने आधीच नोंदवून ठेवलेले शब्द यांचा मेळ घालून, त्या क्षणी कोणत्या जाहिराती दाखविण्यास पात्र आहेत हे ठरविण्याची पद्धती. जाहिरातदाराने नोंदविलेल्या शब्दास वा शब्दसमूहास बीजशब्द म्हणतात. व्यवहारात मात्र ‘कीवर्ड’ हीच संज्ञा रूढ आहे. वृत्तपत्रातील जाहिरात वाचकाची गरज न जाणता छापली जाते. शोधजाहिरात ही वाचकाने आपली गरज स्वतःच्या शब्दांत सांगितल्यानंतर त्याच्यापुढे येते. या माध्यमाचे सामर्थ्य येथेच आहे. जाहिरात नुसती दिसल्याबद्दल नव्हे, तर तिच्यावर क्लिक झाल्याबद्दल जाहिरातदार सामान्यतः पैसे देतो. त्यामुळे जुळणी सैल झाली, तर वस्तूची गरज नसलेल्या माणसाच्या क्लिकचे मोलही त्यालाच भरावे लागते. जुळणी फार आवळली, तर खरा ग्राहक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. या दोन टोकांमधील तोल साधणे हे शब्दजुळणीचे प्रयोजन होय.

इतिहास : शोधशब्दांवर बोली लावून जाहिरातीचे स्थान विकण्याची पद्धत अमेरिकेतील उद्योजक बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या कंपनीने १९९८ मध्ये प्रचारात आणली. ज्याची बोली अधिक, त्याचे स्थान वरचे, असा तिचा सरळ नियम होता. ही कंपनी २००१ मध्ये ओव्हर्चर या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. गूगलने ॲडवर्ड्स ही सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुरू केली. आरंभी जाहिरात किती वेळा दिसली यावर आकार घेतला जाई. २००२ पासून क्लिकनुसार आकारणी व लिलाव यांचा अवलंब झाला आणि बोलीच्या जोडीने जाहिरातीवर क्लिक होण्याचे प्रमाणही विचारात घेण्यात येऊ लागले. या सेवेचे नाव २०१८ मध्ये गूगल ॲड्स असे बदलण्यात आले. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रावरील जाहिरातव्यवस्थाही याच धर्तीची आहे. पुढील विवेचन मुख्यतः गूगलच्या पद्धतीस अनुसरून केले आहे.

जुळणीचे प्रकार : जुळणीचे तीन प्रकार आहेत. स्पष्टीकरणासाठी पैठणी विकणाऱ्या एका दुकानदाराने ‘पैठणी साडी’ हा बीजशब्द नोंदविला आहे, असे मानू.

(१) व्यापक जुळणी किंवा ब्रॉड मॅच : बीजशब्द कोणत्याही चिन्हाशिवाय लिहिला, की ही जुळणी लागू होते. यात शोधपृच्छेत बीजशब्दातील शब्द असलेच पाहिजेत असे नाही. विषयाचा संबंध पुरेसा असतो. ‘लग्नासाठी रेशमी साडी’ असे शोधणाऱ्यालाही दुकानदाराची जाहिरात दिसू शकते. संबंध ठरविताना शोधणाऱ्याचे नजीकच्या काळातील इतर शोध, त्याचे स्थान, जाहिरात ज्या पृष्ठाकडे नेते त्यावरील मजकूर आणि त्याच गटातील अन्य बीजशब्द यांचाही उपयोग केला जातो.

(२) पदबंध जुळणी किंवा फ्रेज मॅच : बीजशब्द दुहेरी अवतरणचिन्हांत लिहितात. शोधपृच्छेत बीजशब्दाचा अर्थ अंतर्भूत असावा लागतो. त्याच्या मागेपुढे इतर शब्द चालतात. ‘येवल्याची पैठणी साडी किंमत’ ही पृच्छा येथे जुळते. ‘रेशमी साडी’ ही जुळू नये, कारण तीत पैठणीचा निर्देश नाही.

(३) अचूक जुळणी किंवा एक्झॅक्ट मॅच : बीजशब्द चौकोनी कंसात लिहितात. पृच्छेचा अर्थ वा हेतू बीजशब्दाशी समान असावा लागतो. ‘पैठणी साडी’ किंवा ‘पैठणी साड्या’ असे शोधल्यास जाहिरात पात्र ठरते.

निकटरूपे : ‘अचूक’ हे विशेषण आज शब्दशः घेता येत नाही. अनेकवचन, लेखनदोष, संक्षेप यांसारख्या निकटरूपांशी जुळणी करण्याची सोय २०१२ मध्ये पदबंध व अचूक या प्रकारांत आली. ती नाकारण्याची मुभा प्रारंभी होती. २०१४ मध्ये ती काढून घेण्यात आली. अचूक जुळणीत २०१७ पासून शब्दांचा क्रम व संबंधदर्शक शब्द अर्थ बदलत नसल्यास दुर्लक्षिले जाऊ लागले आणि २०१८ पासून समानार्थी पृच्छांचाही समावेश झाला. विशिष्ट शब्द पृच्छेत असलाच पाहिजे, असे अधिक चिन्हाने सुचविणारी सुधारित व्यापक जुळणी २०१० मध्ये आली होती. २०२१ मध्ये ती पदबंध जुळणीत विलीन झाली. थोडक्यात, अक्षरांच्या जुळणीकडून अर्थाच्या जुळणीकडे ही वाटचाल झाली. एआय मॅक्स ही २०२५ मधील सोय स्वीकारल्यास जाहिरातदाराने न नोंदविलेल्या शब्दांवरही त्याच्या पृष्ठातील मजकुराच्या आधारे जाहिरात दाखविता येते.

वर्जित शब्द : कोणत्या पृच्छांवर जाहिरात दाखवू नये हे सांगणाऱ्या शब्दांना वर्जित बीजशब्द किंवा निगेटिव्ह कीवर्ड म्हणतात. ‘पैठणी साडी कशी धुवावी’ किंवा ‘पैठणी भाड्याने’ असे शोधणाऱ्याला साडी विकत घ्यावयाची नसते. म्हणून दुकानदाराने ‘धुवावी’, ‘भाड्याने’ हे शब्द वर्ज्य करणे हिताचे ठरते. समजा, दर क्लिकला १० रु. या दराने १०० क्लिकांचे १,००० रु. झाले आणि ३ साड्या विकल्या गेल्या, तर प्रत्येक विक्रीमागे जाहिरातीचा खर्च सुमारे ३३३ रु. पडला. यांपैकी ४० क्लिक धुण्याविषयीच्या वा भाड्याविषयीच्या पृच्छांचे असून वर्जित शब्दांमुळे ते टळले, तर तेवढ्याच विक्रीसाठी ६०० रु. लागतील व दर विक्रीमागील खर्च २०० रुपयांवर येईल. वर्जित शब्दांचा अर्थविस्तार मात्र होत नाही. लेखनदोष २०२४ पासून आपोआप विचारात घेतले जातात. परंतु समानार्थी शब्द व अनेकवचने जाहिरातदारानेच वेगळी नोंदवावी लागतात. नवशिक्या जाहिरातदाराकडून बहुधा हाच भाग दुर्लक्षिला जातो.

जुळणी व लिलाव : जुळणीने केवळ पात्रता मिळते, स्थान लिलावात ठरते. प्रत्येक शोधाच्या वेळी हा लिलाव क्षणार्धात होतो. त्यात बोलीबरोबर जाहिरातीची गुणवत्ता, म्हणजे क्लिक होण्याची शक्यता, पृच्छेशी सुसंगती व क्लिकनंतर उघडणाऱ्या पृष्ठाची उपयुक्तता, तसेच शोधाचा संदर्भ यांचा विचार होतो. सुलभ रूपात सांगावयाचे, तर ‘क’ची बोली २० रु. व गुण ४ असल्यास गुणाकार ८० येतो. ‘ख’ची बोली १५ रु. व गुण ८ असल्यास तो १२० येतो. बोली कमी असूनही ‘ख’ वर राहतो. त्याला १५ रु. द्यावे लागत नाहीत. ‘क’च्या ८० ला मागे टाकण्यापुरते, म्हणजे १० रुपयांहून किंचित अधिक, द्यावे लागतात. या पद्धतीस अर्थशास्त्रात सामान्यीकृत द्वितीय-मूल्य लिलाव म्हणतात. बेंजामिन एडेलमन, मायकेल ऑस्ट्रॉव्हस्की व मायकेल श्वार्झ यांनी, तसेच हॅल व्हेरियन यांनी २००७ मध्ये तिचे सैद्धांतिक विवेचन प्रसिद्ध केले. सुसंगत शब्द निवडणाऱ्यास कमी दराने वरचे स्थान मिळू शकते, हे यावरून स्पष्ट होईल.

मराठी शब्दांचा प्रश्न : इंग्रजीत अर्थ पुष्कळदा शब्दक्रमावर अवलंबून असतो, मराठीत तो प्रत्ययांनी ठरतो. ‘पुण्याहून मुंबईला बस’ व ‘मुंबईला पुण्याहून बस’ यांचा क्रम भिन्न असूनही अर्थ एकच आहे. ‘मुंबईहून पुण्याला बस’ यात मात्र प्रवासाची दिशाच बदलते. शिवाय प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होत असल्याने ‘साडी’पासून साडीची, साड्या, साड्यांचे अशी अनेक रूपे संभवतात आणि पुष्कळ लोक मराठी शब्द रोमन लिपीतही लिहितात. म्हणून मराठी ग्राहकांसाठी जाहिरात करणाऱ्याने महत्त्वाची रूपे दोन्ही लिप्यांत नोंदविणे व प्रत्यक्ष पृच्छा वारंवार तपासणे इष्ट असते.

कायदेशीर बाजू : प्रतिस्पर्ध्याचे व्यापारचिन्ह बीजशब्द म्हणून वापरावे काय, हा वादाचा विषय ठरला आहे. लुई व्हिताँ प्रकरणी यूरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये असा निर्णय दिला, की असे शब्द साठविणारी शोधसेवा स्वतः त्या चिन्हाचा वापर करीत नाही. मात्र वस्तू कोणाची आहे हे सामान्य वाचकाला सहज कळत नसेल, तर चिन्हाचा मालक जाहिरातदारास रोखू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२३ मध्ये, बीजशब्द म्हणून केलेला वापर हा व्यापारचिन्हाचा ‘वापर’ ठरतो, परंतु संभ्रमासारख्या कारणांवाचून तेवढ्याने चिन्हाचा भंग होत नाही, असे मत दिले.

नियंत्रणाचा प्रश्न : कोणत्या पृच्छांमुळे जाहिरात दिसली याचा अहवाल जाहिरातदारास मिळतो. मात्र सप्टेंबर २०२० पासून, पुरेशा लोकांनी न विचारलेल्या पृच्छा गोपनीयतेच्या कारणास्तव त्यात दर्शविल्या जात नाहीत. जुळणीचा विस्तार आणि माहितीचा संकोच एकाच काळात झाल्याने, आपले पैसे कोणत्या शब्दांवर खर्च झाले हे जाहिरातदारास पूर्णपणे कळत नाही. अमेरिकेतील संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने शोधसेवा व शोधमजकूर-जाहिराती या क्षेत्रांतील मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकविल्याचा निर्णय दिला. त्या निकालपत्रात शब्दजुळणीतील या बदलांचाही विचार झाला आहे. दुसऱ्या बाजूस, लोक एकच गोष्ट असंख्य प्रकारे विचारीत असल्याने सर्व रूपे हाताने नोंदविणे अशक्य असते व अर्थाधारित जुळणीमुळे ते श्रम वाचतात, हेही खरे. अल्प भांडवलाच्या जाहिरातदाराने प्रथम अचूक व पदबंध जुळणीने आरंभ करावा, अहवालातून वर्जित शब्द वेचावेत आणि विक्रीची नोंद विश्वासार्हपणे होऊ लागल्यावरच व्यापक जुळणीकडे वळावे, ही पायरी सुरक्षित मानली जाते.