दूर बसून मशीन कोरं करतात कसं?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. सोमवारी सकाळी क्लस्टरवर लॉगिन केलं, तर माझं फोल्डरच गायब! रविवारी रात्री सगळी मशीन्स पुसून नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. तसा मेल आठवडाभर आधी आला होता, मी तो उघडलाच नव्हता. निकालांच्या फायलींची प्रत माझ्या लॅपटॉपवर होती. पण कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती, कर्नलची कुठली सेटिंग बदललेली, हे फक्त त्या मशीनला ठाऊक होतं. तोच आलेख परत काढायला तीन आठवडे गेले.

खोलीत एकही माणूस नसताना हे होतं कसं?

चालू सिस्टीमने स्वतःचीच डिस्क पुसणं म्हणजे बसलेली फांदी तोडणं. म्हणून मशीन डिस्कवरून सुरूच करायचं नाही. सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा छोटा स्वतंत्र संगणक असतो. मुख्य मशीन बंद असलं तरी तो जागा असतो. त्याला नेटवर्कवरून सांगायचं, ‘रीस्टार्ट कर, या वेळी नेटवर्कवरून बूट कर.’

पुढचं काम पीएक्सईचं. नेटवर्क कार्ड पत्ता मागतं. डीएचसीपी सर्व्हर आयपी पत्ता देतो आणि बूट फाईल कुठून घ्यायची तेही सांगतो. टीएफटीपीने फाईल येते, आणि एक छोटं लिनक्स थेट रॅममध्ये चालू होतं. आता डिस्क मोकळी, तिच्यावर काहीही लिहा.

लिहायच्या दोन पद्धती. एक, इन्स्टॉलरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच फाईलमध्ये द्यायची. रेड हॅटमध्ये ती किकस्टार्ट, डेबियनमध्ये प्रीसीड. दुसरी, तयार डिस्कची इमेज जशीच्या तशी उतरवायची.

दुसऱ्या पद्धतीचं छान उदाहरण म्हणजे फ्रिस्बी. युटा विद्यापीठाच्या एम्युलॅब या टेस्टबेडसाठी ते बनवलं. २००३ च्या पेपरमधला आकडा: ८० डिस्कवर मिळून ५० गिगाबाइट डेटा, ३४ सेकंदांत! युक्त्या साध्याच: रिकामे ब्लॉक वगळायचे, बाकीचे कॉम्प्रेस करायचे, आणि मल्टिकास्टने एकदाच पाठवून सगळ्यांनी झेलायचे.

इथे एक सावधगिरी. वगळलेल्या ब्लॉकमध्ये जुना डेटा तसाच राहू शकतो. तुमच्याकडे लोकांच्या मुलाखती किंवा रुग्णांच्या नोंदी असतील, तर ‘रीइन्स्टॉल केलं’ म्हणजे ‘पुसलं’ असं धरू नका. सिक्युअर इरेज वेगळं करावं लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी? प्रत्येक प्रयोग सारख्याच कोऱ्या मशीनवर सुरू व्हावा म्हणून. आधीच्या विद्यार्थ्याने काय टाकून ठेवलंय, त्याचा तुमच्या निकालावर परिणाम नको.

म्हणून एक सांगतो. क्लस्टर मिळालं की पहिल्याच महिन्यात, प्रत घेऊन, आपलं मशीन मुद्दाम कोरं करून घ्या. मग फक्त लिहून ठेवलेल्या स्क्रिप्टवरून प्रयोग पुन्हा उभा करा. जिथे अडाल, तेवढं तुम्ही लिहायचं विसरलात. मला ते तीन आठवडे घालवून कळलं, तुमचं एका दुपारीत भागेल.