घराची आंखणी आधीं जमिनीवर करावी

ऊंस, द्राक्षें व हळद यांचा पैसा हातीं आला म्हणजे आपल्या सातारा-सांगली भागांतील शेतकऱ्याच्या मनांत पहिला विचार नव्या घराचा येतो, आणि तो योग्यच आहे. परंतु विहिरीची जागा ठरवितांना जो चार जाणत्यांस विचारतो, तोच घराचा नकाशा मात्र शहरांत नोकरीस असलेल्या पाहुण्याच्या घरावरून जसाच्या तसा उचलतो. नोकरदाराच्या घरीं पोतीं येत नाहींत, फवारणीचा पंप येत नाहीं, कीं चिखलाचे पाय येत नाहींत. मी महसूल खात्यांत कारकून असतां घरांच्या वांटण्यांचे पुष्कळ कागद हाताळले, व पुढें स्वतःचें एकमजली घरही बांधलें. त्या दोहोंवरून जें समजलें तें येथें मांडतों.

प्रथम स्वतःचीच चूक सांगतों. कागदावर चौकोन नीट बसत होते, म्हणून मीं न्हाणी व शौचकूप परसांत, दोन पायऱ्या उतरून ठेविलीं. मातोश्रींचें वय तेव्हां अठ्ठ्याहत्तर होतें. दुसऱ्याच पावसाळ्यांत रात्रीं उठल्या असतां त्या पायरीवरून घसरल्या, खुब्याचें हाड मोडलें, आणि त्यानंतर त्या चालल्या नाहींत. पायऱ्यांच्या जागीं आतां उतार आहे. त्यांस तो उपयोगी पडला नाहीं. एकमजली घराचा मोठा गुण म्हणजे म्हाताऱ्या माणसास जिना चढावा लागत नाहीं. तो गुण मीं दोन पायऱ्यांपायीं घालविला.

कागदावर जें दिसत नाहीं तें जमिनीवर दिसतें. मोकळ्या जागेंत खुंट्या ठोकून सुतळी ताणावी व फक्कीनें रेघा माराव्यात. भिंतीची रेघ दुहेरी मारावी, कारण भिंत स्वतः जागा खाते. नऊ इंची भिंतीची खोली बाहेरून बारा फूट मोजली तर आंत साडेदहाच फूट उरते. मग त्या रेघांच्या आंत घरांतल्या खऱ्या खाटा, हंडे व कणगी आणून मांडावीं. धान्याचें पोतें पाठीवर घेऊन गडी दारांतून शिरून वळतो कीं नाहीं, हें प्रत्यक्ष पाहावें. कोठीचें दार चार फुटांहून अरुंद असूं नये. स्वयंपाकघराच्या रेघा घरच्या बाईंनीं ठरवाव्यात. पाण्याची घागर कोठून येते व भाकरीचें ताट किती पावलें न्यावें लागतें, हें कारभाऱ्यास ठाऊक नसतें. औषधें व खतें यांची खोली घराला लागून मुळींच नसावी.

आतां दिशांविषयीं. आपल्याकडे पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येकडून झोडपतो. पाटण, जावळी या बाजूस पश्चिमेस रुंद पडवी नसेल तर भिंत पावसाळाभर ओली राहते. माण, खटाव, आटपाडी, जत येथें पाऊस थोडा व ऊन फार. तेथें पश्चिमेस अवजारांची खोली घालून दुपारचा ताप तिच्यावर घ्यावा. चूल आतां रोज पेटत नसली तरी पाणी तापविण्यास लागतेच; म्हणून ती व गोठा पूर्वेकडे असावीं, म्हणजे पावसाळ्यांत धूर व माशा घरांत येत नाहींत. गोठा सोप्यांतून नजरेस पडावा. थंडींत सूर्य दक्षिणेस कलतो, तेव्हां त्या बाजूनें कोंवळें ऊन घरांत येतें. दक्षिणेस दार नको म्हणणारांशीं माझा वाद नाहीं. खिडकी तरी ठेवावी.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे झाला. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, तोही पहांटेच. दोन्ही वेळां माणसें निजलेलीं होतीं. किल्लारीकडे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील मातीचें जड माळवद यांनीं माणसें मारलीं. म्हणून निजण्याच्या खोलीस थेट बाहेर जाणारें दार असावें. घर शक्यतों साधें आयताकृति असावें. लांबी रुंदीच्या तिपटीहून अधिक नको. दार-खिडक्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर ठेवाव्यात, आणि दारांच्या माथ्यावरून सळई-काँक्रीटचा पट्टा सर्व भिंतींवर अखंड फिरवावा. गवंडी हा पट्टा मध्यें तोडतो व खर्च वाचला म्हणून सांगतो. तेथें स्वतः उभें राहावें.

कृष्णाकांठचा प्रश्न वेगळा. सांगलीस आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी तेथें ५७ फुटांवर गेलें. आपल्या जागेवर त्या वेळीं पाणी कोठवर आलें होतें, याची खूण शेजारच्या जुन्या भिंतीवर पाहून जोतें त्याहून वर घ्यावें. तें न जमल्यास घराच्या एका भागावर तरी सपाट स्लॅब घालून बाहेरून जिना ठेवावा. एकमजली घराला माडी नसते, आणि पुराच्या रात्रीं पोतीं व माणसें कोठें तरी वर न्यावींच लागतात.

आतां जें बोलण्यास लोक कचरतात तें. दोन मुलगे असतील तर घर पुढेंमागें वांटलें जाईल. नव्या घराच्या वेळीं असा विषय काढणें अशुभ वाटतें, पण मीं पाहिलेल्या तंट्यांत भांडण पुष्कळदां शेताचें नसे, सोप्याचें व एकुलत्या एका चुलीचें असे. एका घरांत धाकट्याच्या वांट्यास माजघर आलें व त्यास जाण्यायेण्यास वाटच राहिली नाहीं. यावर उपाय स्वस्त आहे. मधली एक भिंत पुढून मागपर्यंत सरळ न्यावी, दोहों बाजूंस बाहेरचें दार ठेवावें, आणि जेथें पुढें दुसरें स्वयंपाकघर होऊं शकेल तेथें मोरी आधींच काढून ठेवावी. मुलगे एकत्र राहिले तर ती मोरी भांडीं घासण्यास उपयोगी पडेल.

जागेच्या कागदांबद्दल थोडेंच लिहितों. गांवठाणांत बांधणार असाल तर मिळकत पत्रिकेवरील हद्द व प्रत्यक्ष कुंपण जुळतें का पाहावें. २०२० पासून स्वामित्व योजनेखालीं ड्रोननें मोजणी झालेल्या गांवीं हें सोपें आहे. शेतांत बांधणार असाल तर पायाची कुदळ पडण्यापूर्वी तहसील कचेरींत परवानगीची चौकशी करावी.

रेघा मारल्यावर आठ दिवस त्या तशाच राहूं द्याव्यात. रोज सकाळीं व रात्रीं कंदील घेऊन घरांतल्या सर्वांनीं, म्हाताऱ्यांनीं व पोरांनींही, त्यांतून चालावें. कोणी भिंतीवरून पाऊल टाकून गेला तर तेथें दार हवें होतें असें समजावें. नवव्या दिवशीं मापें घेऊन कागद करावा व तो इंजिनियराकडे द्यावा.