बंबाला धुराडं होतं

पुण्याच्या थंडीला घर तापवणारी भट्टी लागत नाही. स्वेटर आणि चहा यांवर भागतं. कढत पाणी मात्र बाराही महिने हवं असतं, आणि घरातली भट्टी असलीच तर ती त्या पाण्यासाठी. एकेकाळी ते काम बंबाकडे होतं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडणाऱ्या तांब्याच्या बंबात मधोमध एक नळी असे. खाली जाळीवर निखारे, भोवती पाणी, वर धुराडं. बंब अंगणात नाहीतर पडवीत पेटायचा. तो आत नेऊन दार लावून घ्यावं असं कुणाच्या मनात येत नसे, कारण डोळे लगेच चुरचुरायचे. गॅस गीझर आला आणि हा डोळ्यांचा पहारा उठला. ज्योत तीच राहिली, धूर दिसेनासा झाला, आणि आपण भट्टी न्हाणीघराच्या भिंतीवर टांगून मोकळे झालो. हिवाळ्यात बंद न्हाणीघरातल्या मृत्यूंच्या बातम्या येतात तेव्हा चर्चा ‘गॅस गळत होता का’ इथे सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. पण गळती शून्य असतानाही हा मृत्यू घडू शकतो. गॅसवर चालणाऱ्या भट्टीला तीन जोडण्या लागतात: गॅसची, विजेची आणि हवेची. पहिल्या दोन आपण कशाबशा तपासतो. तिसरी ही जोडणी आहे हेच आपल्याला मान्य नसतं.

थोडं गणित करू. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर गीझरला साधारण १२ किलोवॅटची ज्योत लागते, म्हणजे शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या चार-पाच पट. त्यात ताशी सुमारे एक किलो एलपीजी जळतो आणि एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या न्हाणीघरात हवा मावते जेमतेम साडेपाच घनमीटर. पाव तासाच्या आंघोळीत त्यातल्या निम्म्याहून अधिक हवेवर ज्योत हक्क सांगते आणि आंघोळ करणाऱ्यालाही तीच हवा हवी असते. प्राणवायू उतरू लागला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गॅसला मुद्दाम घातलेला मर्कॅप्टनचा वास ज्योतीत जळून जातो आणि या विषाला स्वतःचा वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. वाफेने गरगरलं असेल असं वाटतं. साबणाच्या पाण्याने सांधे तपासावेत, जरूर तपासावेत. पण त्या बुडबुड्यांना हे विष दिसत नाही.

उरलेल्या दोन जोडण्याही शेवटी हवेपाशीच येऊन पोचतात. सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाब देतो, घरातला पाइपचा गॅस २१ मिलिबारचा असतो. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत उष्णता जवळपास अडीच पट असते. त्यामुळे एलपीजीच्या गीझरचं जेट, म्हणजे गॅस सुटायचं भोक, बारीक असतं. सिलिंडर जाऊन पाइप आला की ज्योत मरगळते आणि एखादा कारागीर ‘जेट जरा मोठं करून देतो’ म्हणतो. अंदाजाने पाडलेलं भोक प्रमाणापेक्षा मोठं झालं की गॅस जास्त, हवा कमी, ज्योत पिवळी; पुन्हा मोनॉक्साइड. योग्य जेट कंपनीकडूनच बदलून घ्यावं, नाहीतर गीझरच बदलावा. विजेचंही तसंच. गीझरची ठिणगी दोन मोठ्या सेलवर पडते, म्हणून विजेचा संबंधच नाही असं वाटतं. पण शेजारच्या एक्झॉस्ट फॅनचा संबंध आहे. दार-खिडकी बंद असताना फॅन खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि तिच्या जागी, धुराडं असलंच तर, गीझरच्याच धुराड्यातून जळका वायू आत ओढू शकतो. विजेच्या बाबतीत आणखी एक चूक होते, तिचा हवेशी संबंध नाही: जवळ दिसली म्हणून गॅसच्या लोखंडी नळीलाच अर्थिंगची तार बांधणं. एका घरातला दोष त्या नळीने दुसऱ्या घरात जातो. अर्थिंग वेगळंच हवं आणि सोबत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या तळघरात खरी भट्टी असते. तिच्या गॅसनळीला हाताशी कॉक, कचरा साचायला खाली एक खिसा, विजेला स्वतंत्र स्विच. पण शिकण्यासारखं आहे ते पुढचं: नव्या भट्टीत आधी छोटा पंखा फिरतो, धुराड्यात ओढ तयार झाल्याची खात्री एक दाबाचा स्विच करून घेतो, आणि मगच गॅस सुटतो. तिथे तिन्ही जोडण्या एकमेकींना विचारून काम करतात. आपला साधा गीझर विचारतो एवढंच: पाणी वाहतंय का आणि ज्योत पेटली का.

यावर उत्तर येतं की गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो, काहींत प्राणवायूचा सेन्सरही असतो. असतो, आणि तो चांगलाच. पण टायमर मिनिटं मोजतो, हवा मोजत नाही. पाठोपाठ चौघांच्या आंघोळी झाल्या तर तो चार वेळा शून्यापासून सुरू होतो. खिडकी उघडी ठेवू, हेही थंडीत पहिल्याच सकाळी मोडणारं वचन. शिवाय वर झरोका असून भागत नाही, ताजी हवा आत यायला दाराखालीही फट लागते. मग वीजच वापरावी का? धक्क्याने माणसं दगावतात हे खरं. पण विजेच्या धोक्याला अर्थिंग आणि आरसीसीबी हा ठरलेला उपाय आहे, आणि नवी जोडणी देताना महावितरण परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागते. ब्रिटनमध्ये गॅसच्या कामालाही नोंदणीकृत कारागीरच लागतो. २००९पासून त्यांची नोंद गॅस सेफ रजिस्टरमध्ये असते. आपल्याकडे गीझर टांगायला मात्र ड्रिल मशीन आणि ओळखीचा प्लंबर पुरतो.

खर्चाचा आक्षेप सर्वात खरा. गॅसचं पाणी झटपट येतं, अनेक घरांना ते परवडतं. ते सोडा म्हणणं सोपं आहे. सोडायचंही नाही, फक्त हलवायचं आहे. पुण्याच्या बऱ्याच फ्लॅटांना स्वयंपाकघरामागे ड्राय बाल्कनी असते. गीझर तिथे लावावा, वर धुराडं काढावं आणि गरम पाण्याची नळी न्हाणीघरात न्यावी. चार-सहा मीटर नळी जास्त लागेल, पहिलं थोडं पाणी कोमट येईल. बाल्कनीचं पावसापुरतं छप्पर चालेल. सरकत्या काचा बसवून ती बंद केली, तर गीझर पुन्हा न्हाणीघरातच आला म्हणायचा.